न्युर्बुर्गरिंगच्या वाटेवर

शिक्षकाने उन्हाळ्याच्या सुटीत परदेशी जावे आणि परतल्यावर तेथील ग्रंथालये, प्रार्थनामंदिरे व चित्रसंग्रह यांविषयी शाळेच्या वार्षिकात चार शब्द लिहावेत, अशी वाचकांची अपेक्षा असणे स्वाभाविक आहे. मीही कोलोन शहरातील ते प्रचंड मंदिर पाहिले आणि त्याच्या दोन उत्तुंग शिखरांपुढे थक्क होऊन उभा राहिलो. तथापि त्या प्रवासातील जी गोष्ट माझ्या मनावर सर्वांत खोल ठसली, ती मोटारींच्या शर्यतीकरिता बांधलेल्या एका रस्त्यावर घडली. ही हकीकत आमच्या नववी-दहावीच्या विद्यार्थ्यांस कळल्यापासून ‘सर, गाडी किती वेगाने चालविली?’ हा एकच प्रश्न मला वारंवार विचारण्यात येत आहे. त्याचे उत्तर मी पुढे देईनच. परंतु त्या रस्त्याने मलाही एक प्रश्न विचारला, आणि तो विद्यार्थ्यांच्या प्रश्नाहून अधिक मोलाचा आहे, असे वाटल्यावरून हा लेख लिहीत आहे.

जर्मनीच्या पश्चिम भागात, ऱ्हाइन नदीच्या पलीकडे, आयफेल नावाचा डोंगराळ मुलूख आहे. प्राचीन काळी तेथे ज्वालामुखी धगधगत असत. त्यांच्या कित्येक मुखांत आज शांत सरोवरे साचलेली दिसतात. जमीन निकृष्ट, हिवाळा कडक आणि उद्योगधंदा बेताचाच, म्हणून प्रशियाच्या राजवटीत या भागास ‘प्रशियाचा सैबेरिया’ असे उपहासाने म्हणत. पहिल्या महायुद्धानंतर बेकारी वाढली, तेव्हा आडेनाऊ येथील जिल्हाधिकारी डॉ. ओटो क्रॉइत्स यांनी एक योजना पुढे आणली. न्युर्बुर्ग गावाच्या डोक्यावर जो जुना पडका किल्ला आहे, त्याच्या सभोवती शर्यतीचा रस्ता बांधावा, म्हणजे गरिबांच्या हातांस काम मिळेल आणि पुढे प्रवाशांच्या येण्याजाण्याने मुलखास चार पैसे मिळतील, असा तिचा हेतू होता. १९२५ च्या सप्टेंबरात कोनशिला बसली. हजारो मजुरांनी जंगल तोडले, दगड फोडले, भराव घातले. आणि १९२७ च्या जून महिन्यात रस्ता खुला झाला. मोटारींच्या पहिल्याच शर्यतीत रुडोल्फ काराचिओला हा तरुण जर्मन चालक विजयी झाला. श्रीमंतांच्या करमणुकीचे म्हणून प्रसिद्धीस आलेले हे स्थळ मुळात भुकेलेल्यांस भाकरी मिळावी म्हणून निर्माण झाले, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

या रस्त्याच्या उत्तरेकडील मोठ्या वळशास ‘नॉर्डश्लाइफे’ म्हणतात. आज त्याची लांबी सुमारे २०.८ किलोमीटर असून त्यात ७३ वळणे मोजली जातात. सर्वांत खालचे व सर्वांत वरचे स्थळ यांच्या उंचीत सुमारे ३०० मीटरांचे अंतर आहे. म्हणजे आपल्याकडील एखादा मोठा घाट घ्यावा आणि त्याची दोन्ही टोके जोडून रानात सोडून द्यावी, तसा हा प्रकार आहे. हवा इतकी लहरी की, वळशाच्या एका अंगास ऊन पडलेले असता दुसऱ्या अंगास पाऊस कोसळत असतो. १९६८ साली धुके व पाऊस यांतून जॅकी स्ट्युअर्ट या स्कॉटिश चालकाने येथील शर्यत चार मिनिटांहून अधिक अंतराने जिंकली; आणि त्यानेच या रस्त्यास ‘हिरवा नरक’ हे नाव दिले. विजेत्यानेच स्थळास नरक म्हणावे, यावरून त्याच्या भीषणतेची कल्पना यावी. हाच गृहस्थ पुढे चालकांच्या सुरक्षिततेकरिता आयुष्यभर झगडला.

आता कोणी विचारील, अशा ठिकाणी शाळामास्तराचे काय काम? तर त्याचे उत्तर असे की, शर्यती व कारखानदारांच्या चाचण्या नसतील त्या दिवशी हा वळसा सर्वसाधारण लोकांस खुला असतो. पैसे भरावेत, फाटक उघडावे आणि आपली मोटार आत न्यावी. कायद्याच्या दृष्टीने त्या वेळी ती शर्यतीची जागा नसून एकाच दिशेने जाणारा पथकराचा रस्ता असतो, आणि जर्मनीतील रहदारीचे नियम तेथे जसेच्या तसे लागू होतात. माझी थोरली बहीण व दाजी कोलोन येथे राहतात. त्यांचा मुलगा अठरा वर्षांचा, नुकताच मोटार चालविण्याचा परवाना मिळालेला. त्याने गेली दोन वर्षे ‘मामा आले की आपण रिंगवर जाऊ’ असा ध्यास घेतला होता. ताईचे मन काही केल्या तयार होईना. शेवटी ‘गाडी मी चालवीन, आणि हा माझ्या शेजारी बसेल’ असे वचन दिले, तेव्हा कोठे परवानगी मिळाली.

मे महिन्याचे अखेरचे दिवस होते. डोंगरउतारांवर पिवळ्या फुलांची झुडपे इतकी बहरली होती की, तेथील लोक त्यांस ‘आयफेलचे सोने’ का म्हणतात ते सांगावे लागू नये. सामान्य भाड्याच्या मोटारी या रस्त्यावर नेण्यास करारानेच मनाई असते. म्हणून वळशाच्या जवळच, खास याच कामासाठी मोटारी देणाऱ्या एका दुकानातून आम्ही एक लहानशी गाडी घेतली. तेथील वयस्क बाईंनी आम्हांस समोर बसवून नियम वाचून दाखविले. उजव्या बाजूने चालावे. मागून जलद गाडी आली तर तिला डावीकडून जाऊ द्यावे. उजवीकडून कोणासही ओलांडू नये. शर्यत लावू नये. फेरीचा वेळ घड्याळाने मोजू नये. कडेचे लोखंडी कठडे मोडल्यास त्यांची भरपाई मोडणाऱ्याने करावी. एवढे झाल्यावर त्यांनी चष्मा काढला आणि इंग्रजीत म्हणाल्या, “तुम्ही समोर कमी पाहा आणि आरशात अधिक पाहा. समोरचा रस्ता कोठे पळून जात नाही.” त्या वाक्याचा अर्थ मला पुढे पाव तासात कळला.

फाटक उघडले. प्रारंभीचा सरळ भाग मागे टाकून आम्ही पहिल्या मोठ्या वळणापाशी आलो. त्या वळणास साबिने श्मित्स या स्त्रीचे नाव दिले आहे. याच परिसरात हॉटेल चालविणाऱ्या कुटुंबात ती लहानाची मोठी झाली, आणि १९९६ व १९९७ अशी दोन वर्षे तिने येथील चोवीस तासांची शर्यत जिंकली. ती शर्यत जिंकणारी ती पहिलीच स्त्री. २०२१ च्या मार्चमध्ये वयाच्या अवघ्या ५१ व्या वर्षी ती निवर्तली, आणि त्याच वर्षी हे नामकरण झाले. आमच्या शाळेतील मुलींनी हे नाव लक्षात ठेवावे.

पुढे हात्सेनबाखची वळणे एकामागून एक अशी येऊ लागली की, स्टिअरिंग सरळ करावयास उसंत मिळेना. तेथून रस्ता फ्लुगप्लात्स म्हणजे विमानाचे मैदान नावाच्या उंचवट्यावर चढतो. त्या माथ्यावर पलीकडचे काहीच दिसत नाही, नुसते आकाश दिसते. मी भाषेचा शिक्षक असल्यामुळे मला या रस्त्यावरील नावांचे मोठे कौतुक वाटले. एका वळणास स्वीडनचा क्रूस म्हणतात, कारण जवळच रानात एक जुना दगडी क्रूस उभा आहे. एका खोल घसरणीस कोल्ह्याचे बीळ, एका भागास खाण, एकास मठाचे खोरे, एकास लहानसा झरा, एकास रोपवाटिका आणि शेवटी शेवटी एका टेकाडास फाशीचा माळ! मनुष्याने तेथे शेते केली, खनिज खणले, प्रार्थना केली, पाणी भरले, झाडे लाविली व गुन्हेगारांस शासन केले. तो सारा इतिहास या नावांत साठलेला आहे. वेगाने जाणाऱ्यास तो दिसत नाही, हे निराळे सांगावयास नको.

आता विद्यार्थ्यांच्या प्रश्नाचे उत्तर. सरळ भागात काटा ११० च्या आसपास गेला. वळणांवर तो ५० ते ६० यांच्या वर क्वचितच चढला. हे ऐकून पुष्कळांची निराशा होईल. वेळ मोजण्यास मनाई असल्याने तो मी मोजला नाही. तरी पाव तास लागला असावा. याच वळशावर १९८३ साली श्टेफान बेलोफ या चालकाने ६ मिनिटे ११ सेकंदांची फेरी मारली, आणि पस्तीस वर्षे तो विक्रम अबाधित राहिला. २०१८ साली टिमो बेर्नहार्ड याने खास बनविलेल्या पोर्शे गाडीतून ५ मिनिटे १९ सेकंदांत तो मोडला. त्या आकड्यांपुढे माझी फेरी म्हणजे बैलगाडीची यात्राच होय.

परंतु एक गोष्ट मला तेथे शिकावी लागली, आणि ती म्हणजे वाट देणे. भाचा शेजारी बसून आरशावर नजर ठेवीत होता. “मामा, मागून निळी गाडी येते आहे, उजवीकडे व्हा.” मी उजवीकडची खूण करावी, कडेस सरकावे, आणि ती गाडी वाऱ्यासारखी निघून जावी. अशा किती गाड्या गेल्या त्यांची गणती नाही. प्रारंभी मनास थोडी बोच लागली. कारण मागे पडणे कोणासही गोड वाटत नाही. पण थोड्याच वेळात माझ्या ध्यानात आले की, पुढे गेलेला प्रत्येक चालक जाताना दिव्याने किंवा हाताने आभाराची खूण करीत आहे. ज्या रस्त्यावर सर्वांत अधिक वेगाचे लोक जमतात, त्याच रस्त्यावर मंद चालणाऱ्याचा मानही सर्वांत अधिक राखला जातो, हे पाहून मी चकित झालो. जलद जाणाऱ्याने धीर धरावा व मंद जाणाऱ्याने वाट द्यावी. यांतून एकाने जरी आपला अहंकार पुढे केला, तर दोघेही कठड्यावर जातील. दुकानातील बाईंचे वाक्य मला तेव्हा उमगले.

उताराचा शेवट ब्राइडशाइड या खेड्यापाशी होतो. तेथून रस्ता पुन्हा चढू लागतो, आणि थोड्याच अंतरावर खाणीचे, म्हणजे बेर्गवेर्कचे, वळण लागते. त्याच्या अलीकडे रस्त्याचा एक साधा भाग आहे. झाडे, गवत, कठडा, याखेरीज पाहण्यासारखे तेथे काही नाही. तथापि भाच्याने मला आधीच सांगून ठेवले होते, म्हणून मी गाडी अंमळ सावकाश केली. हीच ती जागा, जेथे १९७६ साली १ ऑगस्ट रोजी निकी लाउडा याची गाडी उलथून पेटली.

लाउडा हा ऑस्ट्रियाचा चालक, आदल्या वर्षीचा जगज्जेता. हा रस्ता फार लांब आहे, अपघात झाल्यास मदत वेळेवर पोहोचणार नाही, तेव्हा येथे शर्यत होऊ नये, असे त्याने सहकाऱ्यांस परोपरीने सांगितले होते. परंतु बहुमत त्याच्या विरुद्ध गेले. दुसऱ्याच फेरीत त्याची गाडी बांधावर आदळून रस्त्यावर परत फेकली गेली व तिने पेट घेतला. त्याचे भाकीत अक्षरशः खरे ठरले; साह्यकारी माणसे दूर होती. अशा वेळी त्याच्या मागून येणारे चौघे चालक आपापल्या गाड्या सोडून ज्वाळांत धावले. गाय एडवर्ड्स, ब्रेट लंगर, हाराल्ड एर्टल आणि आर्तुरो मेर्झारिओ अशी त्यांची नावे. मेर्झारिओने आगीत हात घालून पट्टे सोडविले आणि चौघांनी मिळून त्यास बाहेर ओढले. डोके भाजलेले, फुप्फुसांत विषारी धूर गेलेला, अशा स्थितीत लाउडा मृत्यूच्या दारी पडून होता. धर्मगुरूंनी येऊन अंतसमयीचा विधीही केला. परंतु देवाची इच्छा निराळी होती. अवघ्या सहा आठवड्यांनी, १२ सप्टेंबर रोजी, जखमा पुरत्या भरल्या नसताना तो इटलीतील मोंझा येथे शर्यतीस उतरला आणि चौथा आला. १९७७ व १९८४ साली तो पुन्हा जगज्जेता झाला, आणि २०१९ पर्यंत जगला. त्या अपघातानंतर या जुन्या वळशावर फॉर्म्युला वन शर्यत पुन्हा कधीही झाली नाही.

लाउडाच्या धैर्याची कथा सर्वत्र सांगितली जाते, आणि ती सांगण्याजोगीच आहे. परंतु त्या ठिकाणाहून जाताना माझे मन त्या चौघांकडे ओढले गेले. शर्यतीत एकेका सेकंदाकरिता मनुष्य जिवाचे रान करतो. तेथे थांबणे म्हणजे हरणे. तरीही हे चौघे थांबले, आणि एक माणूस पुढे बेचाळीस वर्षांहून अधिक काळ जगला. आपल्या प्रभूने यरुशलेमाहून यरीहोस जाणाऱ्या वाटेचा जो दाखला सांगितला, त्यातही हीच गोष्ट नाही काय? त्या वाटेने तिघे गेले. तिघांसही कोठे तरी पोहोचावयाचे होते. परंतु आपण आज ज्याचे नाव प्रेमाने घेतो तो शोमरोनी, जो थांबला तो.

पुढे मठाच्या खोऱ्यातून चढत आम्ही काराचिओलाच्या नावाने प्रसिद्ध असलेल्या कारुसेल या वळणास पोहोचलो. तेथे रस्त्याच्या आतल्या कडेस काँक्रीटचा उतरता पन्हळ आहे. गाडी त्यात उतरते आणि भोवऱ्यासारखी फिरून पलीकडे बाहेर पडते. सारे अंग खिळखिळे झाले. भाच्यास हसू आवरेना. तेथून होहे आख्त या आयफेलमधील सर्वांत उंच, ७४७ मीटरांच्या डोंगराच्या बाजूने रस्ता उतरणीस लागला. झऱ्याच्या वळणापाशी प्रेक्षकांची गर्दी दिसू लागली, आणि त्याच वेळी पुढे पिवळे निशाण हालताना दिसले.

एक गाडी कठड्यास घासून आडवी झाली होती. तिचा चालक, विशीतला तरुण, कठड्याच्या पलीकडे सुरक्षित उभा होता. त्याचा चेहरा कागदासारखा पांढरा पडला होता. भगव्या जाकिटातील एक रक्षक त्याच्या खांद्यावर हात ठेवून बोलत होता. आमच्या पुढील सर्व गाड्यांनी धोक्याचे दिवे लाविले आणि मुंगीच्या पावलाने एका ओळीत जाऊ लागल्या. थोड्या वेळापूर्वी जी निळी गाडी आम्हांस मागे टाकून गेली होती, तीही त्याच ओळीत, आमच्याच गतीने चालली होती. कोणी भोंगा वाजविला नाही, कोणी ओळ मोडली नाही. बाहेर आलो तेव्हा फाटक बंद झाले होते, रस्ता साफ होईपर्यंत शेकडो लोक उन्हात उभे राहिले, आणि त्यांच्यात एकच प्रश्न विचारला जात होता: “त्याला लागले तर नाही ना?” गाडीची किंमत, वाया गेलेला वेळ किंवा भरलेले पैसे यांविषयी मी कोणास बोलताना ऐकले नाही. भाचा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, “मामा, आपण दुसरी फेरी नको करू या.” मी मान डोलाविली. आम्ही किल्ल्यावर चढून भाकरीचे तुकडे खाल्ले.

त्या किल्ल्यावरून आडेनाऊकडील खोरी दिसतात. २०२१ च्या जुलैमध्ये त्या भागात व जवळच्या आर नदीच्या खोऱ्यात भयंकर पूर आला आणि अनेक गावे उद्ध्वस्त झाली. तेव्हा हा शर्यतीचा रस्ता व त्याची मैदाने मदतकार्याचा तळ बनली. अग्निशामक दलाच्या गाड्या तेथे उभ्या राहिल्या, कपडे व अन्न यांचे ढीग तेथे जमले. ज्या रस्त्याची पहिली खडी भाकरीसाठी फोडली गेली, तो शंभराव्या वर्षाच्या उंबरठ्यावर पुन्हा एकदा संकटग्रस्तांच्या उपयोगी पडला.

विद्यार्थिमित्रहो, आता त्या रस्त्याने मला विचारलेला प्रश्न तुम्हांस सांगतो. तो असा: मागून येणाऱ्यास तू वाट देतोस काय, आणि वाटेत पडलेल्यापाशी तू थांबतोस काय? हा प्रश्न जर्मनीतील एका वळशापुरता नाही. आपल्या देशात २०२२ या एका वर्षात रस्त्यांवरील अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली, असे सरकारी अहवाल सांगतो. त्यांत किती तरी तुमच्याच वयाचे होते. परवाना नसताना मोटारसायकल हाती घेणारा मुलगा आणि ती त्याच्या हाती देणारे आईबाप, या दोघांसही मी हात जोडून विनवितो. २०१९ साली दुरुस्त झालेल्या कायद्याने अल्पवयीन मुलाच्या अशा अपराधाबद्दल पालकांस २५,००० रुपये दंड व तीन वर्षांपर्यंत कारावास ठरविला आहे; परंतु दंडाच्या भयाने नव्हे, तर आपल्या लेकराच्या प्रेमाने तुम्ही किल्ली जपून ठेवाल, अशी माझी आशा आहे.

त्याच दुरुस्तीतील दुसरे एक कलम फार थोड्यांस ठाऊक आहे. अपघातात सापडलेल्या मनुष्यास जो कोणी सद्भावनेने मदत करील, त्यास कोणत्याही खटल्याचा ताप होऊ नये, त्याचे नावगावही त्याच्या इच्छेविरुद्ध विचारले जाऊ नये, असे कलम १३४ अ व त्याखालील नियम सांगतात. आणि अशा मनुष्यास त्या इंग्रजी कायद्यात ‘गुड समॅरिटन’, म्हणजे चांगला शोमरोनी, असेच नाव दिले आहे. प्रभूच्या दाखल्यातील तो वाटसरू आमच्या देशाच्या कायद्यात येऊन बसला आहे. तेव्हा ‘पोलिसांची कटकट नको’ ही सबब आता कोणासही उरली नाही.

वेग वाईट नाही. देवाने मनुष्यास बुद्धी दिली, तिच्या बळावर त्याने यंत्रे केली, आणि ती कुशलतेने चालविणाऱ्यांचे कौतुक मी मनापासून करतो. परंतु वेग हा सेवक आहे. त्यास धनी करू नये. तुम्हांपैकी कोणी पुढे अभियंता होईल, कोणी वैद्य, कोणी कदाचित मोठा चालकही होईल. जीवनाच्या वाटेवर कित्येकजण तुम्हांस मागे टाकतील. त्यांस हसतमुखाने वाट द्या. कित्येकांस तुम्ही मागे टाकाल. त्यांचे आभार मानण्यास विसरू नका. आणि वाटेत कोणी पडलेला दिसला, तर त्या दिवशी आपणास कोठे पोहोचावयाचे आहे हे क्षणभर विसरण्याचे सामर्थ्य देवपित्याने तुम्हां-आम्हां सर्वांस द्यावे, एवढीच प्रार्थना.